लिहिण्याचा नेम: काम्य की नित्य?

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात जैमिनीने एक प्रश्न उभा केला आहे. सगळी अंगे जुळवून आणता येत नसतील, तर कर्म करावे की सोडून द्यावे? प्रश्न अर्थातच यज्ञाचा आहे. द्रव्य अपुरे असते, एखादा विधी राहून जातो, एखादे अंग शक्तीबाहेरचे असते. त्याला मीमांसेने दिलेली उत्तरे मात्र दोन आहेत. अग्निहोत्रासारखे नित्यकर्म असेल, तर जमेल तेवढे करावे. मुख्य भाग घडला की कर्म घडले. पण पाऊस पडावा म्हणून करायची कारीरी इष्टी असेल, किंवा गुरेढोरे मिळावीत म्हणून करायची चित्रा इष्टी असेल, म्हणजेच कर्म काम्य असेल, तर एकही अंग उणे राहता कामा नये. उणे राहिले तर फळ नाही. आणि ते कर्म फळासाठीच होते, तेव्हा मग हाती काहीच नाही. यामागचा विचार सरळ आहे. नित्यकर्म इच्छेवर उभे नसते, ते जगण्याला जोडलेले असते. अग्निहोत्र जिवंत असेपर्यंत करायचे आहे, आणि आयुष्यभर रोज सकाळ-संध्याकाळ कोणाही माणसाकडून सगळी अंगे पुरी होणार नाहीत. अशा माणसाला अशी आज्ञा द्यायची, तर तिच्यात उणेपणाला जागा ठेवावीच लागते. काम्यकर्माला अशी सवलत देण्याचे कारण नाही. ज्याला इच्छा नाही त्याने ते करू नये, ज्याला आहे त्याने पुरते करावे.

वर्षाच्या आरंभी, कुणी १ जानेवारीला तर कुणी गुढीपाडव्याला, लिहिणारी माणसे पुन्हा लिहिते होण्याचा जो निश्चय करतात, तो या भेदाच्या उजेडात तपासून पाहावा असे मला वाटते. तो टिकत नाही, याचे खापर बहुधा इच्छाशक्तीवर फोडले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. निश्चयाचे बाह्यरूप नित्याचे असते: रोज पहाटे उठून लिहीन. त्याच्या पोटातल्या अटी मात्र काम्याच्या असतात: रोज हजार शब्द झाले पाहिजेत, वर्षअखेरीस कादंबरी हातावेगळी झाली पाहिजे, दिवाळी अंकांसाठी चार कथा तयार पाहिजेत. मग घरात आजारपण येते, कचेरीत मार्चअखेरचे काम येते, आणि दोन दिवस कोरे जातात. नित्याच्या न्यायाने पाहिले तर काहीही बिघडलेले नसते. तिसऱ्या दिवशी चार ओळी लिहिल्या की नेम चालू आहे. पण माणूस काम्याच्या न्यायाने हिशेब मांडून बसलेला असतो. एक अंग मोडले, तेव्हा सारे व्यर्थ, असे तो धरतो आणि थांबतो. त्याचा तर्क चुकत नाही, गृहीतक चुकते. आपण कोणत्या जातीचे कर्म हाती घेतले आहे, हे त्याने स्वतःला विचारलेले नसते.

पूजेतला संकल्प या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नववर्षाचा संकल्प वर्षातून एकदा होतो आणि बारा महिन्यांना बांधून घेतो. पूजेचा संकल्प दर पूजेला नव्याने होतो आणि समोरच्या एका कर्मापुरताच असतो. त्यात संवत्सराचे नाव येते, मग अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. साठ संवत्सरांच्या चक्रातले एक नाव पाडव्याला बदलते, एवढाच नव्या वर्षाचा त्या वाक्यातला वाटा. तिथी आणि वार तर रोजच बदलतात. म्हणजे काळाचे भान परंपरेने सोडलेले नाही, उलट ते रोज उच्चारायला लावले आहे; पण वर्षभराचे ओझे एका सकाळच्या शब्दावर टाकलेले नाही. चुकण्याचीही सोय आहे. संध्येची वेळ टळली तर प्रायश्चित्त म्हणून एक जादा अर्घ्य द्यायचे आणि संध्या करायची. प्रायश्चित्त लहान आहे, आणि ते झाले की मूळचे कर्म पुढे चालू होते. स्वतःला दूषणे देत आठवडा घालवणे हे त्याचे अंग नाही.

तरीही खंड लहान नसतो, वर्ष-दोन वर्षे वाया गेलेली असतात, तेव्हा काय? त्यासाठीही श्रौत परंपरेत एक स्वतंत्र विधी आहे, आणि लिहिणाऱ्यांनी तो जाणून घ्यावा असे मला मनापासून वाटते. त्याचे नाव पुनराधेय. अग्नीचे आधान केले, पण भरभराट झाली नाही, उलट हानीच झाली, तर तो अग्नी विसर्जित करून पुन्हा आधान करायचे. तैत्तिरीय संहितेत या विधीची दक्षिणा सांगितली आहे, तीत डागडुजी करून पुन्हा चालता केलेला रथ आहे आणि पुन्हा शिवलेले वस्त्र आहे. नव्या आरंभाच्या विधीला कोरे कापड आणि करकरीत रथ सांगणे किती सोपे होते. तसे सांगितलेले नाही. जे मोडले, उसवले, त्याचीच दुरुस्ती या आरंभाला शोभते, असे त्या ऋषींना वाटले. आपण मात्र पुन्हा लिहायचे ठरवले की आधी नवी वही आणतो, नवा विषय शोधतो आणि गेल्या वर्षीचे अर्धे हस्तलिखित नजरेआड करतो. अर्ध्यावर सोडलेल्या कथेत आपली चूक कुठे झाली ते लिहून ठेवलेले असते. कोऱ्या वहीत ते नसते. आणखी एक गोष्ट. शतपथ ब्राह्मणाने पुनराधेयासाठी वर्षा ऋतू सांगितला आहे. नवे वर्ष उजाडण्याची अट त्यात नाही. ज्याचा लेखनाचा अग्नी जूनमध्ये विझला, त्याने पुढच्या चैत्रापर्यंत राखेजवळ बसून राहावे, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

यावर पहिला आक्षेप कवींकडून येईल. अग्निहोत्र रोज होऊ शकते, कारण त्यात नवे काही घडवायचे नसते; काव्य प्रतिभेचे काम आहे, आणि प्रतिभा काही वेळापत्रक पाळत नाही. आक्षेप वजनदार आहे, आणि संस्कृत साहित्यशास्त्राने तो पुरेपूर ऐकून घेतलेला आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू मानला. तीन वेगवेगळी कारणे म्हटले नाही. म्हणजे अभ्यास वजा केला तर उरलेल्या दोहोंनी भागत नाही. सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथाने हे मत नाकारले आणि केवळ प्रतिभा हेच कारण, असे ठासून मांडले. पण प्रतिभा येते कुठून, याचे उत्तर देताना तोच म्हणतो की कधी ती देवतेच्या किंवा महापुरुषाच्या कृपेसारख्या अदृष्टातून येते आणि कधी व्युत्पत्ती व काव्य करण्याचा अभ्यास यांतून. प्रतिभेच्या सर्वांत कडव्या कैवाऱ्यालाही अभ्यासाचे दार उघडे ठेवावे लागले, हा पुरावा मला निर्णायक वाटतो. रोज बसल्याने रोज कविता होईल, असे कोणीच म्हणत नाही. नित्यकर्म बसण्याचे आहे. कविता झाली तर ती त्या दिवसाची कृपा.

राजशेखराने तर कवीचा दिवस प्रहरांत वाटूनच दिला आहे. हा इसवी सनाच्या ९०० च्या आसपासचा, कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारातला कवी; त्याचा पणजोबा अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवला जाई. ‘काव्यमीमांसे’त तो सांगतो: सकाळी संध्या आणि सरस्वतीचे स्तवन, मग विद्यांचे अनुशीलन, दुसऱ्या प्रहरी रचना, जेवणानंतर काव्यगोष्टी, आणि चौथ्या प्रहरी सकाळी जे रचले त्याची परीक्षा. लिहिणे आणि तपासणे या दोन कामांना त्याने दोन वेगळ्या वेळा दिल्या. ज्यांना एकाच बैठकीत लिहायचे आणि खोडायचे असते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पण एवढा मोकळा दिवस राजाश्रित कवीलाच मिळणार, हे राजशेखरालाही माहीत होते. म्हणून तो कवींचे चार प्रकार करतो: जगापासून दूर, आत कोंडून घेऊन लिहिणारा असूर्यंपश्य, काव्यात रमून बसला की लिहिणारा निषण्ण, सेवाचाकरी सांभाळून सवडीने लिहिणारा दत्तावसर, आणि प्रसंगापुरते लिहिणारा प्रायोजनिक. दत्तावसर कवीच्या वेळाही तो देतो: रात्रीचा शेवटचा भाग, जेवणानंतरचा वेळ, प्रवास. आज मराठीत लिहिणारे बहुतेक सगळे दत्तावसर आहेत. बँकेत, शाळेत, इस्पितळात, शेतावर काम करून लिहिणारे. त्यांनी असूर्यंपश्याचे व्रत घेतले तर ते मोडणारच. स्वतःचा प्रकार ओळखून वेळ निवडली, तर नेमाला आधार मिळतो.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. अग्निहोत्राला वेदाची आज्ञा आहे. लिहिण्याची आज्ञा कोणी दिली? न लिहिल्याने कोणते पाप लागते? लिहिणे सर्वांचे नित्यकर्म आहे, असे मी म्हणत नाही. ज्याला लिहिल्याशिवाय जगणे समजत नाही, त्याच्यापुरते ते नित्य आहे. वैदिक विचारात माणूस ऋण घेऊनच जन्मतो, आणि ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने. ज्या भाषेने आपल्याला विचार करायला शिकवले, तिचे देणेही त्याच जातीचे आहे, असे मी मानतो. ते फेडण्याचे मापसुद्धा परंपरेने कठोर ठेवलेले नाही. रोजच्या ब्रह्मयज्ञासाठी एक ऋचा, एक यजुस् किंवा एक साम म्हटले तरी तो पूर्ण होतो, असे तैत्तिरीय आरण्यक सांगते. आणि न लिहिण्याची हानी विचाराल, तर ती लिहिणाऱ्याच्या पाहण्यात होते. शब्दात आणायचे नाही हे ठरले की माणूस हळूहळू नीट बघायचेच सोडतो.

इथे कुणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की ज्या शास्त्राने बहुसंख्य माणसांना दाराबाहेर ठेवले, त्याची चौकट आज उसनी का घ्यायची? जैमिनीने याच सहाव्या अध्यायात शूद्रांचा अधिकार नाकारला आहे. सर्वांना अधिकार असावा, हे बादरीचे मत त्याने नोंदवले आणि बाजूला सारले. हा अन्याय होता, आणि त्याला मवाळ शब्द लावण्याची माझी तयारी नाही. मी चौकट घेतो, दार घेत नाही. मराठीतला इतिहास असा आहे की सृजनाचे नित्यकर्म खऱ्या अर्थाने चालवले ते बाहेर ठेवलेल्यांनीच. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या गेल्या असे परंपरा सांगते. ते लिहायचे थांबले नाहीत. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांनी तर दळणासारख्या रोजच्या, चुकवता न येणाऱ्या कष्टात ओवी गुंफली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. घरकाम आणि शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आली. यांतल्या कुणाला वर्षारंभाच्या निश्चयाची गरज पडली नाही, कारण रचना आणि दिवस यांची गाठ आधीच पडलेली होती.

राहिला तिसरा आक्षेप: नित्याच्या नावाखाली माणूस रोज चार ओळी लिहीत राहील आणि ग्रंथ कधीच पुरा होणार नाही. ही भीती खरी आहे. म्हणून काम्य टाकून द्यावे असे मी म्हणत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत एवढेच म्हणतो. काम्याबद्दलचा जैमिनीचा दुसरा निर्णय इथे कामी येतो. काम्यकर्म एकदा आरंभले की ते पुरे केलेच पाहिजे. मधेच इच्छा सरली, किंवा फळ आधीच हाती आले, तरीसुद्धा. कादंबरी हाती घेणे हे असे कर्म आहे. तिचा उत्साह शंभराव्या पानावर ओसरतो तेव्हा आरंभाचे बंधन उरते, आणि ते पाळण्याची ताकद रोजच्या बैठकीतून येते. राजशेखरानेही इशारा दिला आहे. नंतर पुरे करीन, नंतर संस्कार करीन, मित्रांशी चर्चा करून मग पाहीन, अशी कर्त्याची चलबिचल तो प्रबंधाच्या नाशाच्या कारणांत मोजतो, आणि तिच्या शेजारी राष्ट्रावर कोसळणारी आपत्ती ठेवतो.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या निश्चयात शब्दसंख्या आणि पुरस्कार घालू नका. गेल्या वर्षी जिथे थांबलात ते पान काढा, त्यातले एक वाक्य दुरुस्त करा आणि त्याच्यापुढे एक नवे लिहा. उद्या चुकले तर परवा बसा. आणि हे वाचताना पाडवा उलटून गेला असेल, तरी आजच बसा.