शीट कोण उचलतं?

कबुतरांना दाणे टाकावेत की टाकू नयेत, यावर २०२५ साली मुंबईत जेवढं भांडण झालं तेवढं माणसाच्या भाकरीवर होताना मी अलीकडे पाहिलेलं नाही. जुलैत सरकारने विधान परिषदेत सांगितलं की शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायला पालिकेला सांगू. प्रकरण हायकोर्टात गेलं. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तर ६ ऑगस्टला जमाव आला आणि ताडपत्री फाडून बांबू मोडले. मग दुसऱ्या बाजूचे लोक घोषणा देत आले. सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला. शेवटी ऑक्टोबरच्या ३१ तारखेला पालिकेने तात्पुरती चार ठिकाणं दिली, सकाळी ७ ते ९ या वेळात दाणे टाकायला. त्यातलं एक आमच्या अंगावरच आहे, मुलुंड-ऐरोलीच्या जकात नाक्याकडे.

एवढ्या महाभारतात एकजण बोललाच नाही. शीट उचलणारा. त्याला कुणी विचारलंही नाही. पेपरात फोटो आले ते कबुतरांचे, साधूंचे, पोलिसांचे.

मी लिहितोय कारण ती शीट आमच्या घरात येते. माझी बायको कोलशेतला एका सोसायटीत साफसफाईला जाते. कोलशेत म्हंजे खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. मग रस्त्याला रसायनांच्या आणि औषधांच्या कंपन्या आल्या, आम्ही ७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडलेली माणसं त्यांच्या गेटावर उभी राहिलो. कंपन्या गेल्या, त्या जमिनीवर तीस-तीस मजल्यांचे टॉवर आले. आम्ही गेटावरच राहिलो. फक्त गेट बदललं.

कबुतर हे मूळचं कड्याकपारीतलं पाखरू. त्याला टॉवर म्हंजे कडाच. एसीच्या डब्यामागे, खिडकीच्या छज्जावर, डक्टमध्ये ते घर करतं. वर्षात कितीतरी वेळा अंडी घालतं, एका वेळी दोन. वरून कुणी दाणे टाकणारा असला की मग बघायलाच नको. डक्ट म्हंजे दोन भिंतींमधली ती अरुंद विहीर, जिच्यातून संडास-बाथरूमचे पाइप उतरतात. तिच्या तळाला एक छोटं दार असतं. महिन्यातून एकदा त्या दारातून माझी बायको वाकून आत जाते. वर उजेडाचा एक तुकडा, पायाखाली वीतभर शीट, पिसं, फुटकी अंडी, आणि दोनचार मेलेली पिल्लं. नाकाला ओढणी. ठेकेदार हातमोजे देतो, तेही मागितले तर.

डॉक्टर सांगतात, या सुकलेल्या शीटेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर काहींच्या फुप्फुसाला सूज येते. वेळेवर कळलं नाही तर फुप्फुस कडक होतं. कडक झालेलं पुन्हा मऊ होत नाही. हे टॉवरातल्या लोकांना आता चांगलं माहीत झालंय. ठाणे महापालिकेनेही दाणे टाकू नका म्हणून फलक लावले. घरोघरी जाळ्या लागल्या. जाळी लावणारा पोरगा दोराला लटकून लावतो, त्याच्या छातीचं काय, हे फलकावर नाही. बायको आता आधी पाणी मारते, शीट भिजवते, मग खरडते. हे तिला कुणी शिकवलं नाही. खोकल्याने शिकवलं.

त्या सोसायटीत एक आजी रोज सकाळी साडेसहाला पोडियमवर येतात. पिशवीभर ज्वारी टाकतात. बाई वाईट नाहीत. दिवाळीला बायकोला साडी देतात. एकदा त्या तिला म्हणाल्या, "मावशी, मी दाणे टाकते, तुम्ही जागा साफ ठेवता. या पुण्यात तुमचाही वाटा आहे हो."

बायको तिथं काही बोलली नाही. घरी येऊन म्हणाली, "वाटा देतायत तर उलटा द्या म्हणावं. एक दिवस खराटा त्यांनी घ्यावा, मी ज्वारी टाकते."

माझा सगळा प्रश्न तिच्या या वाक्यात आहे. दया करणारा एक आणि दयेचा मैला काढणारा दुसरा, असं असेल तर ती दया कुणाची? पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं आणि खर्च कुणाच्या छातीतून वळता होतो?

हा हिशेब आपल्याला नवा नाही. गाय जिवंत होती तोवर ती त्यांची माता होती. मेली की आपली. ओढायला, फाडायला आपण. पूजेचा मान एका घरी आणि मढं दुसऱ्या घरी. महाडला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी ही वाटणीच नाकारायला सांगितली होती. आज कबुतर उडतंय तोवर आजींचं. डक्टमध्ये मेलं की वॉचमन खालून हाक मारतो, "मावशी!" कुणाची मावशी आणि कुणाची बहीण! नातं फक्त घाण काढायच्या वेळी लागतं.

त्याच महाडात चवदार तळ्यावर गुरं, कुत्री, पाखरं पाणी पीत होती. पाखराने वरून शिटलं तरी तळं बाटत नव्हतं. २० मार्चला आपल्या माणसांनी ओंजळ बुडवली तेव्हा बाटलं, आणि शेणामुताच्या १०८ घागरी ओतून ते शुद्ध झालं. ज्या समाजाची पाखरावर एवढी माया होती त्याला माणसाची ओंजळ सहन झाली नाही. कारण सोपं आहे. पाखरू काही मागत नाही. ते पाण्यावर हक्क सांगत नाही, शाळेत शेजारी बसत नाही, त्याच सोसायटीत फ्लॅट विचारत नाही. ज्वारी खातं आणि उडून जातं. अशा जीवावर दया करणं फार स्वस्त आहे.

इथवर वाचून आपले काही मित्र म्हणतील, मग मारा ना ती कबुतरं. नाही मित्रांनो, तेवढं सोपं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण घेतली आहे, कुणी लादलेली नाही. आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी देवदत्ताच्या बाणाने पडलेल्या पाखराची गोष्ट घेतली आहे. सिद्धार्थाने ते पाखरू उचललं, बाण काढला, जखमेवर पट्टी बांधली, छातीशी धरलं. नोकराला हाक मारली नाही. रक्त त्याच्या हाताला लागलं. मला वाटतं करुणेची खूण हीच असावी, की तिची घाण करणाऱ्याच्याच हाताला लागते.

दुसरी एक गोष्ट मला खुपते. दादरच्या भांडणात कबुतरांबद्दल जे शब्द वापरले गेले ते माझ्या ओळखीचे निघाले. उपद्रव. रोगराई पसरवतात. संख्या फार वाढलीय. हाकला, लांब कुठंतरी जागा द्या. आमची वस्ती रस्तारुंदीत आली तेव्हा हेच शब्द आमच्यासाठी होते. म्हणून कबुतराला शिवी देताना माझी जीभ अडते. त्याने कुणाला ज्वारी मागितली नव्हती. हा प्रश्न एका धर्माच्या लोकांचाही नाही. हिवाळ्यात खाडीवर कुरव येतात, लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून, पोरं त्यांना सीगल म्हणतात. तेव्हा सगळ्या जातीधर्माचे लोक गाठी-फरसाण उधळतात, मोबाइलवर फोटो काढतात, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या खाडीतच टाकून घरी जातात. त्यात मीसुद्धा एकदा नातवाला घेऊन होतो, हे लपवत नाही. पिशवी मी खिशात घातली होती. पण तळलेलं खारट फरसाण पाखराच्या पोटात काय करतं, हा विचार मनात आला नव्हता.

आमच्या दारात उन्हाळाभर मातीचं एक परळ असतं. बायको चिमण्यांसाठी त्यात पाणी ठेवते. कबुतरंही येतात, ती हाकलत नाही. रोज कामावर जायच्या आधी ते परळ ती राखेने घासते, खालची शीट फडक्याने पुसते. मी एकदा म्हणालो, "दिवसभर तेच करतेस, घरी तरी सोड." ती म्हणाली, "पाणी मी ठेवते ना?"

गेल्या महिन्यात तिने सुपरवायझरला सांगितलं की चांगला मास्क आणि पाण्याचा पाइप मिळाल्याशिवाय डक्टमध्ये उतरणार नाही. दुसरी बाई बघावी लागेल, असं तो आधी म्हणाला. दुसरीनेही तेच सांगितलं. मग म्हणाला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय ठेवतो. मीटिंग रविवारी झाली. कबुतरांवर दोन तास चर्चा झाली म्हणे. सगळ्या टॉवरांना एकाच रंगाची जाळी लावायचं ठरलं. डक्टचा विषय पुढच्या मीटिंगला घेणार आहेत.