विसावा कुणाच्या जिवावर?

बस्तीत स्वाध्यायाला बसणाऱ्या आम्हा बायकांत एक प्रश्न अधूनमधून निघतो. काही न करता नुसतं आरामात राहणं हा प्रमाद का? प्रश्न साधा दिसतो, पण घरातल्या बाईला तो बोचतो. दुपारी अर्धा तास आडवं झालं तरी ‘लोळत पडले’ असं आपणच आपल्याला म्हणतो. त्यात प्रमादाच्या पंधरा भेदांत निद्रा आहेच. चार विकथा, चार कषाय, पाच इंद्रियं, निद्रा आणि स्नेह ही मोजणी आपल्याला पाठ असते.

या प्रश्नाकडे मला नव्यानं बघायला लावलं ते फ्रान्समधल्या सुट्टीनं. लेक-जावई नोकरीनिमित्त नांत शहरात असतात. तिथून दीडेक तासावर अटलांटिक समुद्रात नुआरमुतिए नावाचं बेट आहे. जूनअखेर त्यांच्याबरोबर आठवडाभर तिथं राहिले. पांढऱ्या भिंतींची, निळ्या झडपांची बैठी घरं, सपाट जमीन, जिकडेतिकडे सायकली. आपली सहल म्हणजे पहाटे पाचला उठा, बसमध्ये बसा, दहा दिवसांत सात देश उरका. इथं येणारी कुटुंबं एकच घर भाड्यानं घेऊन आठ-पंधरा दिवस तिथंच मुक्काम करतात. सकाळी चालत जाऊन बेकरीतून ताजा पाव आणायचा, वाळूत बसायचं, काहीतरी वाचायचं. दुपारी गावातली लहान दुकानं बंद होतात, त्याबद्दल कुणाची कुरकुर नाही. ‘आज काय काय बघायचं?’ असं कुणी विचारतच नाही. सूर्य रात्री दहानंतर मावळतो, म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवायचा नियम असणाऱ्यांची तर चैनच! बेटाचं नाव मात्र बटाट्यांसाठी गाजलेलं, त्याचा कंदमूळ न खाणाऱ्या माझ्यासारखीला काय उपयोग?

बेटावर जायला 1971 पासून पूल आहे. पण जुना रस्ताही वापरात आहे, त्याला ‘ग्वा’ म्हणतात. चार किलोमीटरहून थोडा लांब असलेला हा रस्ता थेट समुद्राच्या तळावरून जातो. दिवसातून दोनदा भरती येते आणि तो पाण्याखाली जातो. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढाच वेळ जायला सुरक्षित. भरती-ओहोटीचं वेळापत्रक तिथं लावलेलं असतं, आणि कुणी अडकलंच तर चढून बसायला वाटेत उंच खांब उभारलेले आहेत. पाणी असेल तर माणसं काठावर गाडी लावून थांबतात. समुद्रापुढं हॉर्न वाजवून काय होणार?

ते थांबणं बघून मला वर्षायोग आठवला. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू फार, चालण्यानं त्यांचा घात होतो, म्हणून मुनिमहाराज चार महिने एका जागी राहतात. त्या थांबण्याला आळस कोण म्हणेल? श्रावकालाही देशव्रत सांगितलेलं आहे: अमुक काळ अमुक हद्दीबाहेर जाणार नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामी महाराजांनी प्रमादालाच तिचं कारण धरलं आहे. प्रमादाचा अर्थ तिथं बेसावधपणा. हे धरलं तर दहा दिवसांत सात देश करणारा, पायाखाली काय येतं, ताटात किती टाकलं, ड्रायव्हर जेवला की नाही हे न बघणारा माणूस जास्त प्रमादी ठरतो. एका गावात आठ दिवस राहून रोजच्या बेकरीवालीला ओळखणारा माणूस निदान जागा तरी असतो.

फ्रान्समध्येही हा विसावा आपसूक मिळालेला नाही. पूर्वी समुद्रकाठची सुट्टी ही श्रीमंतांची मिरास होती. कार्ल मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी 1880 साली ‘आळशीपणाचा हक्क’ अशा नावाचं लेखन केलं आणि दिवसाला तीन तास काम पुरे, असं सांगितलं. पुढे 1936 च्या मे-जूनमध्ये कामगारांचे प्रचंड संप झाले आणि लिओं ब्लुम यांच्या सरकारनं कायदा केला: कामगाराला वर्षात दोन आठवडे भरपगारी रजा. त्याच उन्हाळ्यात रेल्वेचं तिकीट चाळीस टक्के सवलतीनं मिळू लागलं. त्या वर्षी कितीतरी कामगारांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. 1956 साली रजेचे आठवडे तीन झाले, 1969 साली चार आणि 1982 साली पाच. ज्यांना तरीही परवडत नाही, त्यांच्या मुलांना ‘सेकूर पोप्युलेर’ ही संस्था 1979 पासून उन्हाळ्यात एक दिवस समुद्रावर किंवा सहलीला नेते. विसावा हा उपकार नाही, माणसाचा वाटा आहे, एवढं त्या देशानं कायद्यात लिहून ठेवलं.

तरी सगळंच गोड मानून घ्यावं असं नाही. ओहोटी लागली की ग्वाच्या दोन्ही अंगांना आबालवृद्ध बादल्या घेऊन चिखलात उतरतात आणि शिंपले वेचतात. मुलं हसत असतात, बादलीत जिवंत जीव असतात. ज्या विसाव्याचा खेळ दुसऱ्याच्या प्राणावर चालतो, तो मला शांत वाटेना. आणि भोजनकथा ही विकथा म्हणावी, तर शेजारच्या घरातली मंडळी जेवताना पुढच्या जेवणाचं बोलत असत!

बेटावर मिठागरं आहेत. गोव्यात आपण बघतो तशीच, हातानं मीठ ओढायची. तिथलं मीठ उन्हाळ्यातच पिकतं, पाऊस आला की काम थांबतं. म्हणजे सगळा देश सुट्टीवर असतो तेव्हाच मिठागरावरच्या माणसाला उसंत नसते. बेकरीवाली तर लोक जागे व्हायच्या आधीपासून कामाला लागलेली. एकाचा विसावा हा दुसऱ्याचा हंगाम असतो. त्यात वाईट काही नाही, त्याचं पोट त्यावर चालतं, त्याच्या कामाला मोल आहे. पण ज्या कामाला मोलच नाही त्याचं काय?

भाड्याच्या त्या घरांत स्वयंपाकघर असतं. घर बदलतं, चूल सुटत नाही. कायद्यानं रजा नोकरदाराला दिली, पण घरातल्या बाईला मालक नाही, मग तिची रजा मंजूर कोण करणार? आजूबाजूच्या घरांत काही पुरुष भांडी घासताना, भाजी चिरताना दिसले. सगळ्या घरांत नाही, पण दिसले.

आपल्या भाषेत बाईच्या विसाव्याला एक फार सुंदर शब्द आहे, माहेरपण. मे महिन्यात लेक येते, आई म्हणते, ‘बस गं, काही करू नकोस.’ पण त्या दिवसांत पोळ्या कोण लाटतं? वहिनी. तिचं माहेरपण तेव्हा लांबणीवर पडलेलं असतं. नणंदेचा आराम आणि वहिनीची कंबर एकाच घरात असतात, आणि ‘माहेरपण’ म्हणताना आपल्याला एकच बाजू दिसते. वहिनी तोंडानं काही बोलत नाही, म्हणून तिला काही वाटत नाही असं समजायचं, हाच बेसावधपणा. आरामात बसणं हा प्रमाद नाही, आपल्या आरामापायी कोण उभं आहे ते न बघणं हा प्रमाद आहे.

म्हणून स्वाध्यायातल्या त्या प्रश्नाला मी एक जोड देते. देशव्रत घेताना आपण काळ ठरवतो, हद्द ठरवतो. विसावा घेतानाही तसंच करावं. किती दिवस, कुठं, काय खायचं, काय वर्ज्य, हे ठरवावं. आणि त्याबरोबर एक गोष्ट आवर्जून विचारावी: या दिवसांत माझं काम कुणाच्या अंगावर पडणार, आणि तिची पाळी कधी? माहेरी गेलेल्या लेकीनं एका वेळच्या पोळ्या आपल्याकडे घेतल्या, भावानं ताटं उचलली, तर माहेरपण काही कमी होत नाही. उलट वहिनीही त्या दुपारी घटकाभर आडवी होईल, आणि ‘लोळत पडले’ असं तिनं स्वतःला म्हणायचं कारण उरणार नाही.