उतरवलेली दोरी

आपल्या देवांच्या हातात धनुष्ये पुष्कळ आहेत. पण दोरी उतरवलेले धनुष्य हातात घेतलेला देव मी अजून पाहिलेला नाही. चित्रकार असो की मूर्तिकार, तो धनुष्य घडवतो ते चढवलेलेच. त्यालाही इलाज नाही म्हणा! दोरी उतरवली की धनुष्य म्हणजे एक किंचित बाकदार काठी. ती हातात दिली तर राम कोणता आणि गुराखी कोणता, हे लोकांनी ओळखावे कसे? पण कलावंताच्या या सोयीमुळे आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे. शस्त्र म्हणजे सदैव तयार असलेले शस्त्र, आणि सामर्थ्य म्हणजे सदैव ताणलेले सामर्थ्य, ही ती समजूत. भाषेनेही तिला हातभार लावला आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी चढवलेले ते सज्य. आणि आपला रोजच्या वापरातला 'सज्ज' हा शब्द याच घराण्यातला मानतात. लग्नाचा मांडव सज्ज असतो, फौज सज्ज असते, दिवाळीला घरातली बाईसुद्धा पहाटे चारला सज्ज असते. पण सज्जच्या उलट काय? त्या अवस्थेला आपल्या बोलीत मानाचा असा एकही शब्द नाही. 'ढिला' म्हणावे तर ती शिवी होते.

हा विचार माझ्या डोक्यात आला तो आमच्या बुरोंडीत. दापोली तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. येथे पृथ्वीच्या अर्धगोलावर उभी असलेली परशुरामाची भव्य मूर्ती आहे आणि ती पाहायला लांबून लोक येतात. समुद्र मागे हटवून परशुरामाने कोकण वसवले ही कथा तर आमच्याकडे पोर बोलू लागले की त्याच्या कानावर पडते. कोणी सांगतात, त्याने परशू फेकला; आम्ही सांगतो, बाण सोडला. अशा गावात माझ्या पुतण्याला धनुष्ये करण्याचा नाद लागावा याचे नवल नाही. पाऊस संपून हवा कोरडी झाली की पडवीत त्याचा कारखाना सुरू होतो, आणि पट्ट्या धरायला मी बसतो.

तो धनुष्य एका लाकडाचे करीत नाही. पट्ट्या एकावर एक चिकटवून करतो. लक्ष्याकडे तोंड करून असते ती धनुष्याची पाठ, आणि धनुर्धराकडे असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. एकाच वस्तूला एकाच क्षणी दोन उलट यातना! म्हणून पाठीला तो माणग्याच्या बांबूची पट्टी घेतो, कारण बांबूच्या सालीलगतचे तंतू ओढ सोसण्यात पटाईत. पोटाला धामणीचे लाकूड. या झाडाचे संस्कृत नावच मुळी धनुर्वृक्ष. इतके ते चिवट आणि लवचिक. मध्ये हलकी, पातळ अशी तिसरी पट्टी. जगात ही युक्ती जुनीच आहे. जपानी लोक बांबूच्या दोन पट्ट्यांमध्ये लाकूड घालून माणसाहून उंच धनुष्य करीत आले. इंग्रजांच्या यू वृक्षाला तर निसर्गानेच दोन थर दिले: बाहेरचे कोवळे लाकूड ताण सोसणारे, आतले जुने लाकूड दाब सोसणारे. आपल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही धनुष्यांच्या जाती सांगितल्या आहेत त्या ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा घटकांवरून.

पट्ट्या मुठीकडून टोकाकडे पातळ होत जातील अशा रंध्याने तासायच्या, गोंद लावून साच्यावर बसवायच्या, शिकंज्यांनी आवळायच्या किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून गुंडाळायच्या. एवढे झाले की अर्धे काम झाले. खरे काम पुढेच. भिंतीवरच्या खाचांच्या फळीवर धनुष्य आडवे टांगून दोरी बोट बोट खाली ओढायची आणि दोन्ही बाहू सारखे वाकतात का ते पाहायचे. "काका, जिथे वाकत नाही तिथेच तासायचे. जिथे वाकते आहे तिथे हात लावायचा नाही," पुतण्या मला सांगतो. तासायचे तेही पोटाच्या बाजूने. पाठीचा एक तंतू तुटला तर धनुष्य तेथूनच मोडते. मी जन्मभर मास्तरकी केली. वर्गातल्या मुलांविषयी याहून शहाणा नियम मला कोणत्याही शिक्षणशास्त्रात वाचायला मिळाला नाही.

आणि संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, तो दोरी उतरवतो. रोज, न चुकता. कारण साधे आहे. लाकूड तासन्तास वाकलेले ठेवले की त्याच्या पोटातले तंतू दबून दबून तसेच राहतात. धनुष्य बाक धरते. दिसायला ते धनुष्यच असते, दोरीही ताठ असते. पण परत सरळ होण्याची त्याची उमेद गेलेली असते, आणि बाण फेकतो तो या उमेदीच्याच बळावर. म्हणजे सदैव सज्ज राहणारे धनुष्यच लढाईच्या दिवशी दगा देते! इजिप्तचा राजा अमासिस सकाळी राज्यकारभार करी आणि मग मित्रांत बसून थट्टामस्करी करी. हे राजाला शोभत नाही असे कोणी म्हटले, तेव्हा त्याने धनुष्याचाच दाखला दिला, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवले आहे.

यावर कोणी म्हणेल, "पण शत्रू अचानक आला तर?" आक्षेप खोटा नाही. पण दोरी उतरवणे म्हणजे धनुष्य मोडणे नव्हे, आणि धनुर्विद्या विसरणे तर नव्हेच. जाणत्या हाताला दोरी चढवायला कितीसा वेळ लागतो? उलट, जी कधी चढवलीच नाही ती नुसती काठी. तिच्या शांततेचे कौतुक करण्यात अर्थ नाही. उतरवण्याला किंमत येते ती चढवता येते म्हणूनच.

दुसरा आक्षेप अधिक नवा आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत कप्प्यांचे कंपाउंड धनुष्य निघाले. त्याची दोरी रोज उतरवीत नाहीत. ते सदा चढवलेलेच असते. याच धनुष्यावर 2023 साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही जगज्जेते झाले, आणि आपल्या सर्वांची मान उंच झाली. मग लाकडाचा नियम आता कालबाह्य झाला का? मला तसे वाटत नाही. धातू आणि काचतंतू थकत नसतील, पण त्यामागचा माणूस मांसाचाच आहे. आणि एक नियम लाकडी धनुष्याला लागू आहे तसाच त्यालाही: बाण न लावता ओढलेली दोरी सोडून द्यायची नाही. बाण नसला की सगळा जोर उलटून धनुष्यातच शिरतो आणि ते फुटू शकते. ओढलेली दोरी हळूहळू परत आणावी लागते. राग आलेला आहे पण ज्याच्यावर काढावा असे समोर कोणी नाही, अशा माणसाला कधी पाहिले आहे? तो कोणाला फोडतो ते सांगायला नको.

आमच्या पुराणांनी हा प्रश्न फार बारकाईने पाहिला आहे. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांनी राज्य सोडले, वस्त्रे सोडली. पण अर्जुनाच्याने गांडीव सोडवेना. त्या दिव्य धनुष्याचा त्याला लोभ होता, असे महाभारत स्पष्ट म्हणते. शेवटी अग्नीला वाट अडवून मागावे लागले, तेव्हा ते पाण्यात गेले. त्याच्या शेजारी परशुरामाला उभा करा. याने पृथ्वी जिंकली ती सगळी कश्यपाला दान केली. मग दिलेल्या भूमीवर राहणे योग्य नाही, म्हणून समुद्राकडे जागा मागितली. आमच्या कथेतला तो बाण कोणाच्या छातीवर सुटलेला नाही. तो सुटला आहे राहायला जागा करण्यासाठी. पुढे रामाची गाठ पडली तेव्हा त्याने आपले वैष्णव धनुष्य त्या तरुणाच्या हाती दिले, ते त्याला चढवता येते हे पाहिले, आणि वाट मोकळी करून महेंद्र पर्वताकडे निघून गेला. ज्याला आपण कोपिष्ट म्हणतो, त्यानेच दोरी उतरवण्याचा धडा घालून द्यावा, ही मला पुराणकारांची मोठीच चतुराई वाटते.

हे सारे आठवायला मला कारण आहे. आमची कलमांची बाग, तिचा हिशेब आणि माडीची किल्ली ही तीस वर्षे माझ्याकडे आहेत. पुतणे कर्ते झाले आहेत. ते मागत नाहीत, मागणार नाहीत. पण आंब्याचा दर मी ठरवतो तेव्हा त्यांचे एकमेकांकडे पाहणे मला दिसते. घरही पट्ट्या जोडूनच केलेले असते; एकाने ओढ सोसावी, एकाने दाब. वडीलमाणसांचा धाक त्यात लागतो, नाही असे नाही. पण तो रात्रंदिवस ताणलेला राहिला तर घर बाक धरते. दोरी ताठ दिसते, सगळे वाकून नमस्कार करतात, आणि उमेद मात्र गेलेली असते. म्हणून या पाडव्याला, वहीपूजन झाले की, वही आणि किल्ली पुतण्यांच्या हाती द्यायची असे मी ठरवले आहे. सल्ला मागितला तर देईन. तेवढी दोरी चढवता येते अजून!

खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. ती धुऊन-पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी कोणी त्यांना हातात घेऊन परजीत नाही. म्हणजे शस्त्राचा मान आपण राखतो तो ते खाली ठेवून. आपल्या बोलीत 'सज्ज'च्या उलट मानाचा शब्द नसेल; पण रीत आहे. शब्दही कधीतरी होईल.