मागून येणाऱ्याचा भार

दर महिन्यास या पानावर एखादे प्रमाण घेऊन त्याचे विवरण करावे, हा आमचा परिपाठ. आजचे निरूपण मात्र ओवीवर नाही, अभंगावरही नाही. ते एका लोखंडी पिनेवर आहे. "महाराजांना म्हातारपणी हे काय सुचले?" असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. ज्या पिनेपायी माझ्या हातून दोन माउलींचा घात व्हावयाचा राहिला, तिच्यावर एक महिना बोललो तर प्रत्यवाय नाही.

हकीगत अशी. आमच्या जिंतुरात माझ्या ओळखीच्या एका घरी आजोबांच्या वेळची जीप-पिकअप कित्येक वर्षे गोठ्याशेजारी पडून होती. कोंबड्या तीत अंडी घालीत. नातवाने ती बाहेर काढली, इंजिन उतरविले, पत्रा ठोकून घेतला, रंग दिला, आणि गाडी पुन्हा चालती केली. ही जात मूळची कष्टाची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याची जीप पाव टनाची दोनचाकी गाडी मागे बांधून रानोमाळ हिंडे. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांकडे विलीज जीप जुळू लागल्या व त्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. तेव्हा नातवाने मागे ट्रेलर जोडला यात नवल नाही. मला म्हणाला, "महाराज, इंजिन लई तयार झालंय. सप्ताहाचं सामान एका खेपेत नेतो बघा." मीही भोळेपणाने म्हटले, "ने बाळा, देवाचे काम आहे."

येलदरीच्या बाजूस एका गावी हरिनाम सप्ताह होता. ट्रेलरमध्ये ज्वारीची पोती, पंगतीच्या कढया, पाण्याचे पिंप, मंडपाचे बांबू असे सामान भरले. आमच्या दोन वृद्ध माळकरी बाया पायी निघाल्या होत्या. मीच म्हणालो, "कशाला चालता मायांनो, बसा पोत्यांवर." हा शब्द माझा, दुसऱ्या कोणाचा नव्हे. थोडे अंतर गेल्यावर त्यांतील एक हाका मारू लागली, "थांबवा रे! ही गाडी उलाळ झालीया. मागं झुलतीया. मला नगं हिच्यात बसणं." दोघी उतरल्या आणि चालू लागल्या. मी पुढे बसून हसलो.

पुढे उतार लागला. मागच्या भाराने धक्का दिला, ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला, पोराने घाबरून ब्रेक करकचून दाबला, आणि पिन उडाली. ट्रेलर सुटला तो कडेच्या बाभळीवर जाऊन उलटा झाला. पोती फुटली. ज्या पोत्यांवर मी त्या माउलींना बसविले होते, त्यांवर पाण्याचे पिंप पडलेले मी या डोळ्यांनी पाहिले. त्या रात्री कीर्तनास उभा राहिलो, पण तोंडून शब्द फुटेना.

सज्जनहो, मी पाठशाळेत व्याकरण घोकले, न्यायाच्या चार पंक्ती लावल्या. परंतु "उलाळ" या एका शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. ज्या माउलीने जन्मभर बैलगाडी हाकलेली पाहिली, तिला तो बसताक्षणीच कळला होता. म्हणून नंतर मी चार जाणत्या मिस्तरींपाशी बसून हे शास्त्र समजून घेतले. आषाढीस दिंड्या निघतील, प्रत्येकीमागे सामानाची गाडी असेल. त्यांनी माझ्या चुकीवरून शहाणे व्हावे, एवढ्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट भाराची. आखाच्या मागे वजन अधिक झाले म्हणजे गाडीचा पुढचा भाग वर उचलतो. हेच उलाळ होणे. बैलगाडीत जू बैलांच्या मानेवरून उठू लागते, आणि ट्रेलरमध्ये जोडावरचा दाब नाहीसा होऊन मागचे धूड शेपटासारखे झुलते. उलट सर्वच भार पुढे आणला तर जीपचे मागचे पाटे दबतात, पुढची चाके हलकी पडतात व स्टिअरिंग ऐकेनासे होते. म्हणून मध्यम मार्ग धरावा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर यावा, असा ठोकताळा आहे. भरलेला ट्रेलर 500 किलोचा असेल तर जोडावर 50 ते 75 किलो. पोत्यांच्या भाषेत सांगावयाचे तर दहांपैकी सहा पोती आखाच्या पुढे, चार मागे. जड वस्तू तळाशी, हलकी वर. आणि सर्व दोराने आवळलेले. पाण्याचे पिंप अर्धवट भरू नये, कारण हिंदकळणारे पाणी हा फिरता भार होय. आम्ही कढया आणि पिंप सर्वांत मागे रचले होते. का? तर उतरावयास सोपे!

दुसरी गोष्ट जोडाची. संस्कृतात युज् म्हणजे जोडणे. त्यापासून योग शब्द झाला आणि जुवाचा वाचक युग शब्दही झाला. पण योगाबरोबर क्षेम येते. जोडणे हा योग, जोडलेले सांभाळणे हे क्षेम. आमच्या पोराने योग केला, क्षेम विसरला. हुक मागच्या बंपरच्या पत्र्याला वेल्डिंगने चिकटविले होते. ते चासीच्या मूळ लोखंडाला बोल्टांनी आवळावयास हवे. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीची चासी आतून गंजलेली असू शकते. रंगाखाली गंज दिसत नाही, तो हातोडीने ठोकून पाहावा लागतो. पिनेच्या खालच्या छिद्रात अडकवावयाची टाचणी हरवली होती, तिच्या जागी तारेचा तुकडा पिळला होता. आणि साखळी तर नव्हतीच. वास्तविक जोडाखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्या. वळणापुरत्या सैल, पण जमिनीस न घासणाऱ्या. म्हणजे पिन गेलीच तर ट्रेलरचा दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही, आणि गाडी सावकाश कडेला घेता येते.

लोकपरंपरेत कथा सांगतात की, युद्धात दशरथाच्या रथाच्या आखाची खीळ निखळली, तेव्हा कैकेयीने आपला हात तेथे घातला. त्या एका खिळीचे मोल दोन वर. त्या दोन वरांचे मोल चौदा वर्षांचा वनवास! खीळ वेळेवर पाहिली असती तर पुढले रामायण कशाला घडते? श्रोते येथे हसतात. मीही पूर्वी हसत असे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती थांबण्याची. "इंजिन तयार आहे" असे पोर म्हणाले ते खरेच होते. पण ओढणे इंजिनाचे काम, थांबविणे ब्रेकचे. जुन्या जीपला चारही चाकांस ड्रमचे ब्रेक, त्यांना तेलाची एकच वाट. नळी एके ठिकाणी फुटली की चारही जातात, हातब्रेक तेवढा उरतो. नव्या गाडीसारखे पायाच्या दाबास साह्य करणारे यंत्र तिला नाही. आपल्याकडील बहुतेक लहान ट्रेलरांना स्वतःचे ब्रेक नसतातच. म्हणजे मागच्याला ना डोळे, ना बुद्धी, ना थांबण्याची शक्ती. तो केवळ पुढच्याच्या विश्वासावर चालतो. ट्रेलर जीपेइतकाच जड झाला तर त्याच ब्रेकांनी थांबावयास साधारण दुप्पट अंतर लागते. वेग 30 चा 60 केला तर ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर चौपट होते. दोन्ही एकदम केले तर आठपट. हा हिशेब देवही बदलीत नाही.

म्हणून उतार लागण्यापूर्वीच गाडी खालच्या गिअरात घ्यावी. ज्या गिअरात चढली असती त्याच गिअरात उतरवावी, हा जुन्या चालकांचा नियम. न्यूट्रलमध्ये सोडू नये. पेट्रोल वाचेल, माणसे वाचणार नाहीत. ब्रेक सतत दाबून धरला तर ड्रम तापतात व पकड जाते. थोडा दाबावा, सोडावा, ड्रम निवू द्यावा. परभणी-गंगाखेडवरून परळीस जाऊन पुढे अंबाजोगाईच्या वाटेने पंढरी गाठणाऱ्यांना बालाघाट चढावा लागतो, आणि येताना तोच उतरावा लागतो. तेथे हे ध्यानात असावे.

आणि ट्रेलर झुलू लागलाच, तर काय करावे? आमच्या पोराने केले ते करू नये. ब्रेक करकचू नये, स्टिअरिंग झटकू नये, वेग वाढवूनही पाहू नये. स्टिअरिंग सरळ धरावे आणि अॅक्सिलेटरवरून पाय हळूच उचलावा. वेग उतरला की झुलणे शमते. मग कडेला थांबून भार नीट लावावा. कठोपनिषदाने शरीरास रथ, बुद्धीस सारथी आणि मनास लगाम म्हटले. त्या रथामागे ट्रेलर नाही खरा. पण आपणा प्रत्येकामागे संचिताचा बांधलेला असतोच. सपाटीवर तो जाणवत नाही, उतारावर ढकलतो. त्या वेळी धडपड करणारा उलटतो, आणि शांत राहून वेग उतरविणारा तरतो.

बारीक गोष्टीही सांगून टाकतो. ट्रेलर वर्षभर उभा असतो. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर चिरते, म्हणून बाजूच्या भेगा पाहाव्या, हवा पाहावी. बेअरिंगला वंगण द्यावे. चाकाचे नट निघताना आवळावे आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा आवळावे. मागचे लाल दिवे लागतात की नाही हे दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे, चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्या. दिंडी पहाटे अंधारात चालते. मागे घेताना स्टिअरिंगच्या तळाशी हात धरावा, म्हणजे हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जाईल. आणि एक माणूस खाली उभा असावा, जो चालकाला आरशात दिसेल. ट्रेलर सोडण्यापूर्वी चाकांस दोन्ही बाजूंनी दगड लावावे, मगच पिन काढावी.

राजनियमही धर्माचाच भाग समजावा. ट्रेलरची नोंदणी निराळी करावी लागते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. पन्नास वर्षांवरील मूळ रूपातल्या गाड्यांस 2021 च्या नियमांनी विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. पण ती गाडी प्रदर्शनाची, नित्याच्या किंवा धंद्याच्या वाहतुकीची नव्हे. तेव्हा आजोबांची गाडी मिरवावयाची की राबवावयाची, हे आधी ठरवावे. आणि मालाच्या ट्रेलरमध्ये माणसे बसवू नयेत. कायद्याची तशी मनाई आहे म्हणूनच केवळ नव्हे. ज्याने बसविली होती तो हे सांगतो आहे म्हणून.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, गाडी देवाच्या कामाला निघाली. देव सांभाळणार नाही काय? साखळ्या आणि टाचण्या कशाला?" याचे समाधान महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, न केल्यास अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. सूर्य ढळत चाललेला, चहूकडे शत्रू. अशा वेळी घोडे थकले, बाणांनी विंधले. भगवंताने काय केले? "मी आहे, हाक पुढे" असे म्हटले नाही. रणाच्या मध्यभागी रथ थांबविला. घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण स्वतःच्या हाताने उपसले, त्यांना चोळले, पाणी पाजले, आणि मग पुन्हा जुंपले. ज्याच्या एका संकल्पाने सृष्टी चालते, तो घोड्यांची धुळीने भरलेली अंगे पुसतो! देव सांभाळतो, यात शंका नाही. पण तो कसा सांभाळतो हे त्याने करून दाखविले आहे. थांबून, खाली उतरून, हाताने तपासून. तोच सारथी पंढरीस विटेवर स्थिर उभा आहे. चालविणाऱ्याला थांबता आले पाहिजे, हे त्याच्याकडे पाहून शिकावे.

त्या पोराने गाडी टाकून दिली नाही. चासीला नवे हुक बसविले, ब्रेकची नळी व लायनर बदलले, दोन साखळ्या लावल्या, भारही निम्मा केला. दोन खेपा पडतात, पडू द्या. मागच्या एकादशीस सामान भरून झाल्यावर त्याने त्या माउलीला हाक मारली, "आजी, बघा बरं, उलाळ तर नाही?" तिने ट्रेलरचा दांडा दोन्ही हातांनी उचलून पाहिला, एक पोते पुढे सरकवावयास लावले, आणि म्हणाली, "आता जा."

वाचकहो, तुमच्यामागेही कोणी ना कोणी जोडलेले आहेच. निघण्यापूर्वी एकदा खाली उतरून मागे जा, आणि पिन पाहून या. एवढीच या सेवकाची विनंती. पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!