सायकल कोणासाठी थांबली?

मुलांनी सायकलीवरून शाळेत येऊ नये, असा नियम एखादी शाळा करते, तेव्हा त्यामागे ममताच असते. वडगाव, कामशेत, लोणावळा ही गावे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची; तेथील भय खोटे नाही. वेगवान वाहनांसाठी २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तेथे सायकलीला मज्जाव आहे, आणि तो रास्तच. मग गावातल्या शाळेच्या वाटेवर मोटारीने बालकासाठी थांबावे, हेही तितकेच रास्त नव्हे काय? ज्याच्यापासून धोका तो मोकळा आणि ज्याला धोका त्यालाच बंदी, ही सुरक्षितता असेल, न्याय नव्हे. शाळेला दोष देण्यापूर्वी आपण पालकांनी स्वतःस विचारावे : शाळा भरतेवेळी आपल्या गाडीचा वेग किती असतो?