स्लोचा स्क्रू

कोल्हापुरातल्या एका गुरुजींकडे 1985ची प्रीमियर पद्मिनी होती. सगळे तिला फियाटच म्हणत. दोन वर्षं झाली, ती रोज सकाळी रुसायची. चोक ओढून पाच-सहा वेळा सेल्फ मारला की कुठे उठायची, आणि चौकात रेसवरचा पाय काढला की धापा टाकत बंद. मोकळ्या रस्त्यावर मात्र काही तक्रार नाही.

गॅरेजागणिक नवं औषध झालं. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, शेवटी बॅटरीसुद्धा. आणि जाता जाता जो तो कार्बोरेटरचा स्लोचा स्क्रू जरा आवळून द्यायचा. इंजिनाचा आवाज चढायचा, चार दिवस गाडी बंद पडायची नाही. गुरुजी खूश. पेट्रोल किती जातंय, हे त्यांनी बघायचंच सोडलं होतं.

उद्यमनगरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि आधी तो स्क्रूच सैल केला. गाडी धडपडत बंद पडली.

"अहो, होती तीही बिघडवलीत!"

"बिघडलेलीच हाय गुरुजी. सगळ्यांनी मिळून तिला गप्प बसवलीया. आधी बोलू दे की तिला."

त्यानं प्लग काढला. शेंडा चहाच्या रंगाचा हवा, हा चुन्यासारखा पांढरा. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग रेस धरून गाडी कशीबशी चालू ठेवायला लावली आणि कुप्पीनं कार्बोरेटरच्या बुडाशी तेलाचे चार थेंब सोडले. थेंब आत ओढले गेले. अडखळणारं इंजिन दोन श्वास एका सुरात चाललं, पुन्हा अडखळलं.

खालचं पॅकिंग फाटलं होतं. रेस दाबलेली असताना आत एवढी हवा जाते की ही चोरटी हवा तिच्यात खपून जाते. पाय काढला की मुख्य वाट जवळपास मिटते, मग चोरटीच भारी पडते. सकाळी गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, तेव्हा तर विचारूच नका.

नवं पॅकिंग बसलं. मिस्त्रीनं दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले आणि स्क्रू अगदी शेवटी, कान देऊन लावला.

"आणि डिकीत काढून ठेवलेले ते जुने प्लग, कॉइल?"

"चांगलं हाईत. ठेवा."

परतताना दसरा चौकात गाडी थांबली. सवयीनं गुरुजींचा पाय रेसवर गेला. त्यांनी तो उचलला, आणि दिवा हिरवा होईपर्यंत नुसते ऐकत बसले.