गुण व्यक्तीला, काम विभागाचे

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने १९६८ साली तिथे उत्खनन सुरू केले. ते हंगामामागून हंगाम १९८३ पर्यंत चालले आणि ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांनी सिद्ध केलेला सविस्तर अहवाल १९८८ साली बाहेर आला. पहिली कुदळ पडली त्यानंतर वीस वर्षांनी. एवढा वेळ का लागला, हे तिथल्या एका दफनावरूनही कळेल. घराच्या जमिनीखाली मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत तान्ह्या मुलाची हाडे. कुंभाच्या घडणीवरून काळ ठरवणारा एक अभ्यासक लागतो, हाडांवरून मुलाचे वय नि पोषण सांगणारा दुसरा, घरातल्या जळक्या धान्यावरून पीक ओळखणारा तिसरा आणि जनावरांच्या हाडांवरून खाण्यात काय होते ते ताडणारा चौथा. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी हवा कोरडी होत गेली, शेती खालावली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि माणसे शिकारीवर व शेळ्यामेंढ्यांवर अधिक विसंबू लागली, असे ढवळीकरांनी मांडले. हे चौघे एका छपराखाली नसते, तर ती मांडणी उभी राहिली नसती. ते छप्पर म्हणजे विभाग. विद्यापीठातल्या संशोधनाचा विचार करायचा तर सुरुवात तिथून करावी लागते, आणि आपण नेमके तेच विसरलो आहोत.

आपली मोजपट्टी एकेकट्या माणसाला लावायची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुकीसाठी व बढतीसाठी ‘एपीआय’ नावाचे गुणांकन आणले. २०१८ च्या नियमावलीत त्याचे रूप पालटले, पण शोधनिबंध मोजून गुण द्यायची रीत राहिली. त्या तक्त्यात मानव्यविद्यांतल्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत आणि राष्ट्रीय प्रकाशकाने छापलेल्या अख्ख्या ग्रंथालाही १०च. दोनांहून अधिक जणांनी मिळून लिहिले, तर मुख्य लेखकाला त्यातले ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. ज्याची बढती या बेरजेवर अडली आहे, त्या तरुण अध्यापकाने काय करावे? वीस वर्षांच्या कामात शिरावे, की दरवर्षी दोन सुटसुटीत निबंध काढावेत? शेजारच्या सहकाऱ्याबरोबर डोके लढवावे, की आपापले वेगळे लिहून पूर्ण गुण पदरात पाडावेत? तक्त्याचे उत्तर स्पष्ट आहे, आणि ते देणाऱ्या अध्यापकाला दोष देता येत नाही.

विभागाची किंमत आणखी एका कामात दिसते. तो माणसे घडवतो, आणि त्यांना मतभेदासाठी जागा देतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले ते परीक्षा घेण्यासाठी आणि महाविद्यालये संलग्न करण्यासाठी. समाजशास्त्राचा विभाग तिथे १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाती सुरू झाला, म्हणजे तब्बल ६२ वर्षांनी. १९२४ साली तो गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. घुर्ये प्राचीन ग्रंथ आणि परंपरा यांच्या आधाराने समाजाकडे पाहणारे; त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अ. र. देसाई यांनी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर मार्क्सवादी भूमिकेतून प्रबंध लिहिला. दुसरे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी पुढे पोथीकडून प्रत्यक्ष गावाकडे मोर्चा वळवला. तिसऱ्या इरावती कर्वे. त्या १९३९ साली डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि गुजरातेत लांघणज इथे सांकळियांच्या उत्खननात निघालेल्या मानवी सांगाड्यांचा अभ्यास करू लागल्या. मातीतल्या हाडांकडे मानवशास्त्राच्या नजरेने पाहायची जी सवय त्या संस्थेला लागली, तीच पुढे इनामगावला उपयोगी पडली. मुंबईतल्या एका विभागाने पुण्यातल्या दुसऱ्या विभागाला अशी माणसे पुरवली. हे देणे कोणत्याही वार्षिक गुणपत्रकात कधीच उमटणार नाही, कारण त्याचे फळ दिसायला पिढी जावी लागते.

यावर पहिला आक्षेप उत्तरदायित्वाचा, आणि तो खरा आहे. गुणांकन यायच्या आधी सगळे आलबेल नव्हते. एकदा कायम झाल्यावर वर्षानुवर्षे एक ओळ न लिहिणारे अध्यापक होतेच, आणि जनतेच्या पैशाचा हिशेब मागणे गैर नाही. पण हिशेब मागणे वेगळे आणि नग मोजणे वेगळे. नग मोजल्याने काय झाले, ते पुण्याच्याच विद्यापीठाने दाखवून दिले. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली नियतकालिके नमुन्यादाखल तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरल्याचे त्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. २०२२ साली पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्तीही आयोगाने उठवली. आकड्यांचा पाठलाग करताना ज्ञान निसटते, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच म्हणायची. शिवाय पुण्याच्या अभ्यासकांनी केले काय, तर नियतकालिके एकेक करून उघडून तपासली. खरे मूल्यमापन असेच होते.

दुसरा आक्षेप असा, की संशोधन राष्ट्रीय संस्थांनी करावे आणि विद्यापीठांनी शिकवावे. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली निघाली, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली. त्यांचे काम मोठे आहे. पण प्रयोगशाळेला संशोधक मिळतात कुठून? त्या रासायनिक प्रयोगशाळेचे पुढे संचालक झालेले रघुनाथ माशेलकर मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात घडले, आणि तो विभाग १९३३ पासून शिकवणे आणि संशोधन एकाच इमारतीत करत होता. आड आटला की पोहराही रिकामा येतो.

म्हणून हिशेब विभागाकडून घ्यावा. पाच-सात वर्षांनी बाहेरच्या विषयतज्ज्ञांनी विभागात येऊन बसावे, त्याने स्वतः निवडलेली चार-पाच कामे वाचावीत आणि आपले मत जाहीर करावे. व्यक्तीची बढती ठरवताना तिने विभागाच्या सामायिक कामात काय भर घातली, तेही पाहावे. लबाडी या पद्धतीतही शिरेल, ओळखीपाळखी चालतील. पण वाचून दिलेल्या मताखाली सही असते, बेरजेखाली कोणाचीच नसते. मात्र याआधी एक साधी गोष्ट व्हायला हवी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही, हे ठाऊक नसते. वीस वर्षांचे काम तो हाती घेणार कसे? मराठी मुलखातल्या विद्यापीठांत असे विभाग थोडे नाहीत, जिथे पाटी आहे, ग्रंथालय आहे, विद्यार्थी आहेत आणि कायम अध्यापक एक-दोनच उरले आहेत. शासनाने आधी त्या जागा भराव्यात. मोजमाप त्यानंतर करावे.